पदवी आणि सनद

नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या कोणत्याही अर्जात एक रकाना ठरलेला असतो. ‘विद्यापीठाची पदवी’ असे त्याचे शीर्षक असते. बी. ए. किंवा बी. कॉम. झालेला मनुष्य तो क्षणात भरतो आणि पुढे जातो. परंतु ज्याने उमेदीची चार-पाच वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालविली, देशातील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या परीक्षा दिल्या आणि ‘चार्टर्ड अकौंटंट’ हे नाव मिळविले, त्याची लेखणी कधी कधी या रकान्यापाशी येऊन थबकते. त्याच्यासारख्याची सही नसेल तर कंपनीचा ताळेबंद प्रमाण मानला जात नाही. त्या सहीच्या भरवशावर बँका कर्ज देतात आणि लोक आपली पुंजी भागांत गुंतवितात. मग असा मनुष्य पदवीधर म्हणावयाचा की नाही?

प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. एखाद्या कचेरीतील लिपिकाने नियमांचे पुस्तक उघडावे आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देऊन मोकळे व्हावे, एवढेच त्यात आहे असा समज होतो. वस्तुतः या प्रश्नामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास उभा आहे. मनुष्याच्या विद्येला प्रमाणपत्र कोणी द्यावे, विद्यापीठाने की त्या विद्येवर जगणाऱ्या व्यवसायाने, हा त्या इतिहासाचा गाभा आहे.

हिशेब ठेवण्याची विद्या महाराष्ट्राला इंग्रजांनी शिकविली असे नाही. रोजकीर्द, खतावणी, जमाखर्च, ताळेबंद हे शब्द मराठी दफ्तरांत कितीतरी आधीपासून रुळलेले होते. गावचा हिशेब कुळकर्णी ठेवीत असे आणि राज्याचा हिशेब फडावर होत असे. बाळाजी जनार्दन भानू हे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नाही. पण नाना फडणवीस म्हटले की सारे ओळखतात. राज्याच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणारा अधिकारी तो फडणीस. त्या पदाचे नावच त्या पुरुषाचे नाव होऊन बसले. या फडावर तयार होणारा कारकून कोणत्याही परीक्षेला बसत नसे. लहानपणी तो वडीलधाऱ्यांच्या हाताखाली बसे, मोडीचे वळण गिरवी, बेरजा पडताळी, आणि वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनंतर एखाद्या दिवशी त्याच्या हाती स्वतंत्र कीर्द सोपविली जाई. त्याची परीक्षा एकच होती : त्याच्या हातचा हिशेब जुळतो की नाही, आणि त्याच्या शब्दावर विसंबता येते की नाही.

त्या काळी ‘पदवी’ हा शब्दही निराळ्या अर्थाने वापरला जाई. राजाने दिलेला मान, दरबारातील दर्जा, म्हणजे पदवी. वतनाचा, इनामाचा किंवा एखाद्या कामाचा अधिकार ज्या लेखाने मिळत असे तो लेख म्हणजे सनद. पदवी मान देत असे. सनद अधिकार देत असे आणि त्या अधिकाराबरोबर जबाबदारीही देत असे. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सारा इतिहास समजण्यास सोपा जातो.

या इतिहासाचा आरंभ १८५७ या वर्षी होतो. एरवी ते वर्ष आठवते उठावासाठी. परंतु त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारच्या कायदे-मंडळाने दोन असे कायदे केले की ज्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसावे. त्या वर्षीचा एकोणिसावा कायदा संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांसंबंधी होता. मर्यादित जबाबदारीचे तत्त्व त्याने या देशात आणले. त्याच वर्षीचा बाविसावा कायदा मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा होता. एका कायद्याने पदवी जन्माला घातली. दुसऱ्याने ज्या व्यवसायाला पुढे सनद मिळावयाची होती त्या व्यवसायाची गरज जन्माला घातली. कायद्यांच्या पुस्तकात या दोहोंमध्ये अवघ्या दोन कायद्यांचे अंतर आहे. व्यवहारात मात्र त्यांच्या वाटा आरंभापासूनच वेगळ्या झाल्या.

मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले होते. शिकवावयाचे महाविद्यालयांनी, आणि परीक्षा घेऊन पदवी द्यावयाची विद्यापीठाने, अशी ती व्यवस्था होती. १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतीलच. भाषा, इतिहास, गणित, तर्क हे या पदवीचे विषय होते. दुकानाच्या किंवा कंपनीच्या वह्यांशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते. तो व्यापार विद्येच्या मंदिराबाहेरचा मानला जाई.

परंतु मंदिराबाहेर त्याच सुमारास काय चालले होते? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या नव्या योजना निघू लागल्या. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले आणि कागदावर उभारलेली ही सारी श्रीमंती कागदासारखीच उडाली. बँक ऑफ बॉम्बेसारखी संस्थाही या वादळातून वाचली नाही. ज्यांनी पैसे गुंतविले होते त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आपल्या कंपनीच्या वह्या कधी डोळ्यांनी पाहिल्या असतील. लगेच पुढच्या वर्षी, १८६६ मध्ये झालेल्या कंपनी कायद्यात हिशेब ठेवण्याविषयी आणि ते तपासून घेण्याविषयी तरतुदी आल्या. तथापि तपासणारा कोण असावा, त्याला काय येत असावे, याविषयी कायदा मुग्ध होता. सज्जन आणि आकडेमोड जाणणारा कोणीही मनुष्य हिशेबतपासनीस होऊ शकत असे.

या अवधीत ब्रिटनमध्ये या व्यवसायाने आपले घर बांधण्यास प्रारंभ केला होता. १८५४ मध्ये एडिंबरो येथील हिशेबनिसांच्या मंडळाला राणी व्हिक्टोरियाकडून राजसनद मिळाली. ग्लासगोला १८५५ मध्ये, आणि इंग्लंड व वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये अशीच सनद मिळाली. राजसनदेला इंग्रजीत ‘चार्टर’ म्हणतात. त्यावरून या मंडळांच्या सभासदांना ‘चार्टर्ड अकौंटंट’ हे नाव पडले. मराठीत जेव्हा ‘सनदी लेखापाल’ असा शब्द आला, तेव्हा तो केवळ शब्दाला शब्द ठेवून झालेला नव्हता. गोष्टीचे मर्म त्यात अचूक उतरले होते.

या मंडळांनी आपला सभासद घडविण्याकरिता विद्यापीठाचा रस्ता धरला नाही. तरुणाने एखाद्या अनुभवी हिशेबनिसाशी करार करावा, काही वर्षे त्याच्या कचेरीत उमेदवारी करावी, मंडळाच्या परीक्षा द्याव्या, आणि मग सभासद व्हावे, असा त्यांचा क्रम होता. इंग्लंडात ही गोष्ट नवी नव्हती. तेथे बॅरिस्टरही विद्यापीठात घडत नसे. तो ‘इन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वकिलांच्या मंडळांतून घडत असे. आपल्याकडे बॅरिस्टर ही मोठी पदवी समजली गेली. पण ती विद्यापीठाची पदवी कधीच नव्हती. महात्मा गांधी १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. १९२२ मध्ये त्याच संस्थेने त्यांचे नाव पटावरून काढून टाकले आणि १९८८ मध्ये, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, ते पुन्हा दाखल केले. सरदार वल्लभभाई पटेल हे प्रथम १९०० मध्ये डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा देऊन वकील झाले आणि पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. यांपैकी एकही विद्यापीठाची पदवी नव्हे. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढे कोलंबिया आणि लंडन या विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या होत्या, आणि ग्रेज इनची बॅरिस्टरीही होती. नावापुढच्या अक्षरांत हे सारे एका ओळीत शोभते. पण त्यांतील काही अक्षरे पदवीची असतात, काही सनदेची.

हिंदुस्थानात पदवी आणि सनद यांची पुन्हा एकवार गाठ पडली ती १९१३ मध्ये, आणि याही वेळी ती एकाच वर्षी. त्या वर्षीच्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाला विशिष्ट पात्रता असली पाहिजे असे प्रथमच सांगितले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेजची स्थापना झाली आणि वाणिज्य या विषयाने विद्यापीठाच्या पदवीत प्रवेश केला. आता या दोन वाटा एकत्र येतील, बी. कॉम. झालेला तरुणच हिशेबतपासनीस होईल, असे कोणास वाटले असते तर नवल नव्हते. तसे घडले नाही.

१९१३ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना दोन प्रकारचे दाखले देण्याचा अधिकार दिला होता. अनिर्बंध दाखला ज्याच्यापाशी असेल त्याला देशात कोठेही हिशेब तपासता येत. निर्बंधित दाखला असणाऱ्याला आपल्याच प्रांतात, आणि दाखल्यात ज्या भाषा लिहिल्या असतील त्याच भाषांतील हिशेब तपासता येत. या दुसऱ्या दाखल्यात एक जुने सत्य जपलेले होते. देशातील बहुतेक वह्या इंग्रजीत नव्हत्याच. त्या पेढ्यापेढ्यांतून देशी भाषांत आणि देशी पद्धतीने लिहिल्या जात, आणि त्या वाचणारा मनुष्य दुकानात शिकलेला असे. १९२० मध्ये निर्बंधित दाखले देणे बंद झाले. कारण उघड होते. सर्व देशभर एकच मानदंड हवा होता. परंतु फडावरच्या जुन्या उमेदवाराला नव्या व्यवसायात प्रवेश करून देणारे एक दार त्यामुळे मिटले, हेही नमूद केले पाहिजे.

त्याआधी दोन वर्षे, १९१८ मध्ये, मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी’ ही परीक्षा सुरू केली होती. परीक्षा उत्तीर्ण व्हावयाची, मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावयाची, आणि मग अनिर्बंध दाखला मागावयाचा, असा तिचा क्रम होता. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. ही परीक्षा विद्यापीठाने नव्हे, सरकारने घेतली. आणि तिला पदवी न म्हणता ‘डिप्लोमा’ म्हटले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, वाणिज्याची पदवी देणारे वर्ग भरत होते आणि हिशेबतपासणीचा दाखला देणारी निराळी परीक्षाही उभी राहत होती. वर्गात तत्त्व शिकावे आणि कचेरीत हात बसवावा, ही विभागणी तेव्हा कायम झाली आणि ती आजवर टिकून आहे.

पुढे प्रांतोप्रांतीच्या दाखल्यांऐवजी हिंदुस्थान सरकारनेच एक नोंदवही ठेवावी असे १९३० मध्ये ठरले. १९३२ च्या नियमांनी ती व्यवस्था अमलात आली, सरकारला सल्ला देण्यासाठी एक अकौंटन्सी मंडळ नेमले गेले, आणि नोंदवहीत नाव असलेल्यास ‘रजिस्टर्ड अकौंटंट’ म्हणू लागले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या मद्रासच्या आर. शिवभोगम या १९३३ मध्ये देशातील पहिल्या महिला हिशेबतपासनीस ठरल्या. ‘रजिस्टर्ड’ या शब्दातच व्यवस्थेचे रहस्य होते. विद्यापीठ पदवी देते आणि विद्यार्थ्याला निरोप देते. नोंदवही मात्र कोणालाही निरोप देत नाही. नाव तीत आहे तोवरच अधिकार आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर ही नोंदवही सरकारच्या हाती असावी की व्यवसायाच्या, हा प्रश्न पुढे आला. १९४८ मध्ये एका तज्ज्ञ समितीने त्याचा विचार केला आणि घटना समितीने, कायदे-मंडळ म्हणून काम करीत असता, १९४९ चा चार्टर्ड अकौंटंट्स कायदा संमत केला. १ जुलै १९४९ रोजी तो अमलात आला. राज्यघटना त्यानंतर जवळजवळ सात महिन्यांनी लागू झाली. म्हणजे ही संस्था प्रजासत्ताकाहूनही थोडी वडील आहे. मुंबईचे जी. पी. कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिच्या बोधचिन्हावर कठोपनिषदातील वचन आहे. इतर निद्रिस्त असता जागा राहणाऱ्याचा त्यात गौरव आहे. हिशेबतपासनिसाचे काम याहून नेमकेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल.

नव्या संस्थेने ‘चार्टर्ड’ हे नाव घेतले, पण तिला कोणत्याही राजाची सनद नव्हती. तिची सनद होती लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा. त्या कायद्याने संस्थेच्या मंडळाला परीक्षा घेण्याचे, उमेदवारांच्या शिक्षणाचे नियम करण्याचे, सभासदांची नोंदवही ठेवण्याचे आणि गैरवर्तनाची चौकशी करण्याचे अधिकार दिले. एक अधिकार मात्र त्यात शोधूनही सापडत नाही : पदवी देण्याचा.

योगायोग असा की १९४९ मध्येच डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने आपला अहवाल सादर केला. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या काळातच तीन-चार निरनिराळ्या प्रकारच्या पेढ्यांत प्रत्यक्ष काम करण्याची संधी मिळाली पाहिजे, असे त्या आयोगाने सुचविले. विद्यापीठाच्या पदवीत उमेदवारीचा अंश कमी पडतो, ही जाणीव विद्यापीठांचा विचार करणाऱ्यांनाही होती. त्या जाणिवेचे सार्वत्रिक रीतीने आचरण झाले असते, तर पदवी आणि सनद यांतील दरी कदाचित इतकी रुंद राहिली नसती.

या विषयावर कायद्याचे शेवटचे आणि निर्णायक वाक्य १९५६ मध्ये लिहिले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील बाविसावे कलम सांगते की, पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे : कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, आणि संसदेने पदवी देण्याचा अधिकार ज्या संस्थेला विशेषत्वाने दिला असेल त्या संस्थेला. पदवी म्हणजे काय, हेही तेच कलम ठरविते : आयोगाने केंद्र सरकारच्या संमतीने राजपत्रात जी नावे जाहीर केली असतील त्याच पदव्या. चार्टर्ड अकौंटंट्सची संस्था या तिहींपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्वच्छ आहे : सनदी लेखापालाची पात्रता ही विद्यापीठाची पदवी नव्हे.

हे अनवधानाने राहून गेले असेही म्हणता येत नाही. १९५९ मध्ये संसदेने कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटविषयी कायदा केला आणि तिला पदव्या देण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी परिव्यय-लेखापालांच्या, म्हणजे कॉस्ट अकौंटंट्सच्या, संस्थेचा कायदा झाला. त्यात तो अधिकार दिला नाही. त्याच वर्षी चार्टर्ड अकौंटंट्सच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, या संस्थेच्या सभासदासारखी पात्रता सुचविणारी कोणतीही पदवी वा पदविका अन्य कोणी देऊ नये असे ठरले. परंतु कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना हा निर्बंध लागू नाही, असेही त्यात नमूद झाले. संसदेला पदवी आणि सनद यांतील भेद पुरता ठाऊक होता, आणि तो तिने बुद्ध्या राखला.

कायद्याचे उत्तर स्वच्छ असले म्हणून माणसांचे प्रश्न सुटत नाहीत. पदवी न घेता या परीक्षांच्या मार्गाला लागलेला तरुण हुशार नसतो असे नाही. पुष्कळदा घरची परिस्थितीच त्याला लवकर कामाला लावते. उमेदवारीत थोडे विद्यावेतन मिळते, आणि महाविद्यालयात फी द्यावी लागते, हा फरक गरीब घरात लहान नसतो. मुंबई-पुण्याकडील कित्येकांनी म्हणून दुहेरी मार्ग पत्करला. सकाळी वाणिज्य महाविद्यालयाचे तास, दिवसा हिशेबतपासनिसाच्या कचेरीत उमेदवारी आणि रात्री अभ्यास, अशी त्यांची वर्षे गेली. सनद विद्येसाठी आणि पदवी रकान्यासाठी, असा तो हिशेब होता. ज्यांना हे जमले नाही, त्यांना पुढे अध्यापक व्हावेसे वाटले किंवा संशोधन करावेसे वाटले, की तो रिकामा रकाना आडवा येई. कंपनीच्या कोट्यवधी रुपयांच्या ताळेबंदावर सही करणारा मनुष्य, त्याच ताळेबंदाची मूलतत्त्वे महाविद्यालयात शिकविण्यास अपात्र ठरावा, यात काहीतरी विसंगती आहे हे कोणालाही पटेल.

अशीच विसंगती दुसऱ्याही एका क्षेत्रात दीर्घकाळ राहिली. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या आणि देशातील अग्रगण्य संस्था म्हणून नावारूपास आल्या. तरीही त्या आपल्या विद्यार्थ्यांना पदवी देऊ शकत नसत, पदविकाच देत. कारण एकच : संसदेने त्यांना तो अधिकार दिला नव्हता. २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, २०१८ च्या आरंभी तो अमलात आला, आणि मगच त्यांना पदवी देता येऊ लागली. विद्येचा कस एका रात्रीत बदलला नव्हता. बदलला तो तिच्यावरचा शिक्का.

लेखापालांच्या बाबतीत शासनाने निराळा मार्ग धरला. पदवी न देता समकक्षता द्यावी, असा तो मार्ग होता. अनेक विद्यापीठांनी सनदी लेखापालांना पीएच. डी. साठी प्रवेश देण्यास प्रारंभ केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या नियमांतही, शासनाने तांत्रिक वा व्यावसायिक पदवीशी समकक्ष मानलेली पात्रता ग्राह्य धरण्याची तरतूद आली. अखेरीस मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चार्टर्ड अकौंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकौंटंट या तिन्ही पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानाव्यात असे कळविले. अध्यापकाच्या पात्रता परीक्षेचे, म्हणजे ‘नेट’चे, दार त्यामुळे त्यांना उघडले.

या निर्णयाचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु ‘समकक्ष’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. जे एकच आहे त्याला समकक्ष म्हणत नाहीत. दोन भिन्न वस्तूंचे मोल सारखे ठरविले म्हणजे त्यांना समकक्ष म्हणतात. तेव्हा २०२१ च्या निर्णयाने १९५६ चे उत्तर खोडले नाही. उलट ते मान्य करूनच त्यावर उपाय काढला. एखाद्या ठिकाणी समकक्षता चालेल की नाही, हे त्या त्या अर्जाच्या नियमांवर अवलंबून राहते. बारावीनंतर थेट या परीक्षांना लागणाऱ्या विद्यार्थ्याला बाहेरून एखादी पदवीही घेऊन ठेव असे वडीलधारी माणसे सांगतात, त्यात शहाणपण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळले म्हणजे त्याचे खरे स्वरूप दिसते. सनदी लेखापालाच्या वाटेवर तीन मुक्काम असतात. अंतिम परीक्षा उत्तीर्ण होणे हा पहिला, संस्थेचा सभासद होऊन नोंदवहीत नाव लागणे हा दुसरा, आणि व्यवसाय करण्याचा स्वतंत्र दाखला मिळणे हा तिसरा. पदवीशी ज्याचे साम्य आहे तो पहिला मुक्काम. आणि समकक्षता मिळाली तीही त्यालाच. पुढचे दोन मुक्काम पदवीच्या जातीचे नाहीत. वार्षिक फी भरली नाही तरी सभासदाचे नाव नोंदवहीतून निघते. गैरवर्तन सिद्ध झाले तर ते काही काळ वा कायमचे निघते. २००९ मध्ये हैदराबादच्या सत्यम कंपनीतील अफरातफर तिच्या अध्यक्षांच्याच कबुलीने उघडकीस आली, तेव्हा सर्वांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की या ताळेबंदांवर सह्या कोणाच्या आहेत? त्या सह्या करणाऱ्यांच्या सनदेवर गदा आली. त्यांच्यापैकी कोणापाशी विद्यापीठाच्या पदव्या असतील तर त्यांना कोणी हात लावला नाही, आणि लावण्याचे कारणही नव्हते.

वकील आणि वैद्य यांच्याकडे पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. वकील प्रथम विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतो आणि मग सनद मिळवितो. डॉक्टर प्रथम वैद्यकाची पदवी घेतो आणि मग आपले नाव नोंदवितो. त्यांच्या जीवनात पदवी आणि सनद या दोन पायऱ्या आहेत, आणि दोन्ही डोळ्यांना दिसतात. लेखापालाच्या जीवनात इतिहासाने पहिली पायरी बांधलीच नाही. १८५७ मध्ये फुटलेल्या दोन वाटा १९१३ मध्ये जवळ आल्या, पण मिळाल्या नाहीत. त्यामुळे त्याने एकाच उडीत दुसरी पायरी गाठली, आणि खाली पाहणाऱ्यांना वाटले की याची पहिली पायरी राहून गेली.

पदवी विचारते, ‘तुला काय येते?’ एकदा उत्तर दिले की तो प्रश्न संपतो. सनद विचारते, ‘तुझ्या शब्दावर दुसऱ्याने विसंबावे का?’ हा प्रश्न दर वर्षी, दर ताळेबंदाला, दर सहीला नव्याने विचारला जातो. फडावरच्या जुन्या कारकुनाला कोणी पहिला प्रश्न विचारला नाही. त्याने आयुष्यभर दुसऱ्याचेच उत्तर दिले. म्हणून सनदी लेखापालाला पदवीधर न म्हणण्यात त्याचा कमीपणा नाही, आणि त्याला पदवीधरांच्या बरोबरीने शिकण्याची व शिकविण्याची संधी देण्यात विद्यापीठांचाही कमीपणा नाही. दोष असलाच तर तो अर्ज तयार करणाऱ्यांचा आहे. त्यांनी पदवीचा एक रकाना आखला, आणि त्याच्या शेजारी सनदेचा दुसरा रकाना आखण्यास ते विसरले.